नवा क्लच, तरी गाडी ओढेना

एका शिक्षकांचं त्यांच्या गाडीच्या क्लचबद्दल पत्र आलंय. ते असं आहे:

"सप्रेम नमस्कार. मी पाटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझी 2014 ची वॅगन-आर आहे, सीएनजी किट बसवलेली. 92,000 किलोमीटर झालेत. क्लच गेला म्हणून महिन्यापूर्वी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा अख्खा सेट बदलून घेतला. मजुरीसकट 7,200 रुपये झाले. काम करणारा मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी, चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. गाडी घरी आणल्यावर क्लच अगदी तळाला जाऊन सुटतोय आणि रिव्हर्स टाकताना खरखर होतेय असं वाटलं, म्हणून परत गेलो. त्याने पाच मिनिटांत सेटिंग करून दिलं. तिसऱ्या दिवशी पाच माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला सासुरवाडीला गेलो. येताना पोफळीच्या पुढं चढ लागला आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी पुढं सरकेना. जळकट वास आला. तेव्हापासून चौथ्या-पाचव्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की हेच होतं. पेट्रोलवर जास्त, सीएनजीवर कमी. शेजारी म्हणतात पेट्रोल पंप गेलाय. माझा विद्यार्थी म्हणतो, 'गुरुजी, नवा क्लच बसायला हजार किलोमीटर लागतात, चालवत राहा.' दुसऱ्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं की गिअरबॉक्स उतरवून नवा सेट टाका. कुणाचं ऐकू? पोराला बोलायला जीव होत नाही आणि पुन्हा सात हजार घालायची ताकद नाही."

गुरुजी, गिअरबॉक्स उतरवायला तूर्त कुणालाही हो म्हणू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून एक पाना आणि अर्धा तास एवढ्यावर हे काम निभावण्याची बरीच शक्यता मला दिसते.

"पाच मिनिटांत सेटिंग करून दिलं" हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी मात्र तिथंच थांबलो. दुखणं बहुधा तिथं आहे. ते कसं, हे कळण्यासाठी क्लच पकडतो कसा ते आधी डोळ्यांपुढं आणू या.

इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील हे जड, सपाट चाक फिरत असतं. त्याच्यावर बोल्टांनी आवळलेली असते प्रेशर प्लेट. या दोघींच्या मधे क्लच प्लेट, म्हणजे दोन्ही अंगांना खरखरीत लायनिंग असलेली पातळ तबकडी. तिच्या मधल्या दातेरी भोकात गिअरबॉक्सचा शाफ्ट बसतो. तुमचा पाय पेडलवर नसतो तेव्हा प्रेशर प्लेटमधली ताटलीच्या आकाराची स्प्रिंग, जिला आम्ही डायफ्राम म्हणतो, ती तबकडी फ्लायव्हीलवर दाबून धरते. दोन तळहातांत पोस्टकार्ड घट्ट धरावं तशी. तुम्ही पेडल दाबता तेव्हा केबल ओढली जाते, तिला जोडलेला फोर्क नावाचा दांडा हलतो आणि त्याने रेटलेलं रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या मधल्या पाकळ्यांवर जाऊन दाबतं. पाकळ्या आत गेल्या की पकड सुटते. म्हणजे पाय फक्त सोडवायचं काम करतो. धरून ठेवण्याचं काम पूर्णपणे स्प्रिंगचं.

आता केबल हवी त्याहून जास्त ताणलेली असेल तर? पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग पाकळ्यांना थोडं रेटून राहतं. कुणीतरी दिवसभर पेडलवर पाय टेकवून बसल्यासारखं. स्प्रिंगचा काही जोर त्या रेट्यातच खर्च होतो आणि उरलेला प्लेटपर्यंत पोचतो. सपाट रस्त्यावर, रमतगमत चालवताना तेवढा पुरतो. घाटात पाच माणसांचं ओझं घेऊन इंजिन सगळी ताकद लावतं तेव्हा पुरत नाही, आणि प्लेट फ्लायव्हीलवर घसरायला लागते.

तुमच्या विद्यार्थ्याच्या हातून काय झालं असावं तेही सांगतो. जुनी प्लेट जसजशी झिजते तसतशा डायफ्रामच्या पाकळ्या गिअरबॉक्सकडे सरकत बाहेर येतात. त्यामुळं केबलचा मोकळेपणा, ज्याला आम्ही प्ले म्हणतो, कमी कमी होत जातो, आणि दर वेळी कुणीतरी केबलचा नट थोडा सैल करत आलेला असतो. 92,000 किलोमीटरमधे तुमच्याही गाडीत तो बराच सैल झाला असणार. नवी, जाड प्लेट बसली की पाकळ्या परत आत जातात. नट मात्र जुन्या जागीच. साहजिकच प्ले फार वाढला, पेडल तळाला गेल्याशिवाय क्लच पुरता सुटेना, आणि रिव्हर्सला खरखर झाली. म्हणजे तुमची तक्रार रास्त होती आणि त्याने नट आवळला हेही बरोबर केलं. फक्त तो प्रमाणाबाहेर आवळला गेला असावा. घाईत, मोजपट्टी न लावता, हाताच्या अंदाजाने. मीही हे केलेलं आहे.

पेट्रोलवर जास्त आणि सीएनजीवर कमी, हे तुम्ही बरोबर टिपलंत आणि त्याचा अर्थही सरळ आहे. त्याच इंजिनला सीएनजीवर पेट्रोलपेक्षा ताकद थोडी कमी मिळते. पकड कमकुवत असेल तर जास्त ताकदीला ती आधी हार मानणार. चौथ्या-पाचव्या गिअरलाच का, याचंही उत्तर त्यातच आहे. खालच्या गिअरला चाकं सहज फिरतात, गाडी चटकन वेग घेते. वरच्या गिअरला तीच गाडी इंजिनाला जड लागते आणि सगळा ताण क्लचवर येतो. शेजाऱ्यांचा पेट्रोल पंपाचा तर्क मात्र सोडून द्या. इंधन कमी पडलं तर इंजिन गुदमरतं, धक्के देतं, त्याचा आवाज चढतच नाही. तुमच्याकडे आवाज चढतोय आणि वेग चढत नाहीये. इंजिनात काही खोट नाही, ताकद वाटेत हरवतेय.

आता काय करायचं ते. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद, चांगलं गार होऊ द्या. पेडलपाशी फूटपट्टी उभी धरा आणि पेडल पायाने न दाबता हाताने, बोटांनी हलकेच दाबा. सुरुवातीला ते अलगद जाईल आणि मग एका जागी जड लागेल. ते अलगद जाणारं अंतर म्हणजे प्ले. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधे छापलेला असतो आणि तोच खरा धरायचा. केबलच्या लहान गाड्यांत साधारण 10 ते 25 मिलिमीटरच्या आत-बाहेर तो असतो. तुमचं पेडल पहिल्या स्पर्शालाच जड लागलं तर माझा अंदाज खरा समजा.

मग बॉनेट उघडा. केबल फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातून, येऊन गिअरबॉक्सवरच्या एका लिव्हरला जोडलेली दिसेल, टोकाला आटे आणि नट. तो लिव्हर हाताने हलवून बघा. किंचित ढिला हलला पाहिजे. तंबोऱ्याच्या तारेसारखी केबल ताणलेली असेल आणि लिव्हर जागचा हलत नसेल तर नट सैल करायचा, एका वेळी एक-दोन आटे, आणि दर वेळी आत जाऊन पेडलचा प्ले मोजायचा. जमलं की पेडल दहा-पंधरा वेळा पूर्ण दाबून सोडा आणि पुन्हा मोजा, कारण केबल कधी कधी आपल्या जागी बसताना अंतर बदलतं. शेवटी इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून, पहिला आणि रिव्हर्स टाकून बघा. खरखर नको. ती परत आली तर नट जास्त सैल झाला. या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची आहे, आणि नव्या प्लेटला ती आरामात सापडते.

हे करताना केबलच्या वाटेवरही नजर फिरवा. गिअरबॉक्स उतरवताना केबल काढून बाजूला टाकलेली असते. परत जोडताना ती कुठं बॅटरीच्या ट्रेखाली दाबली गेली, कुठं कोनात वाकली, किंवा बाहेरचं आवरण रबरी बुशात नीट बसलं नाही, तर पेडल सोडल्यावरही केबल पूर्ण मागं येत नाही. आत अडकून राहिलेली केबल आणि जास्त आवळलेला नट, दोन्हींचा परिणाम एकच. इंजिनचं माउंटिंग, म्हणजे ते ज्या रबरी आधारावर बसतं तो, तुटलेलं असेल तर जोर लावताना इंजिन झुलतं आणि केबलला ओढ बसते, म्हणून कुणाला तरी बॉनेटपाशी बाजूला उभं करून इंजिन रेझ करताना ते किती हलतं तेही बघून घ्या.

प्ले ठीक झाल्यावर एकदाच एक परीक्षा घ्या. मोकळी जागा, समोर भिंत किंवा माणूस नाही, हँडब्रेक करकचून, चौथा गिअर, इंजिनला थोडा वेग देऊन क्लच सोडा. क्लच धरत असेल तर इंजिन लगेच बंद पडेल. बंद न पडता नुसतं घोंघावत राहिलं तर तत्क्षणी पेडल दाबा आणि थांबा. ही परीक्षा पुन्हा पुन्हा करायची नाही. दर वेळी प्लेट भाजून निघते.

आता तुमच्या विद्यार्थ्याच्या त्या हजार किलोमीटरबद्दल. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. नव्या लायनिंगचा पृष्ठभाग आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग सुरुवातीला काही उंचवट्यांपुरतेच एकमेकांना टेकतात. हळूहळू, शे-दोनशे वेळा नव्हे तर त्याहून कितीतरी जास्त वेळा क्लच लागून-सुटून, दोघं एकमेकांना बसतात. म्हणून पहिली पाचशे-आठशे किलोमीटर गाडी गावात, थांबत-निघत, हलक्या पायाने चालवावी असं कंपन्याही सांगतात. या काळात थोडा वास, सुटताना थोडी थरथर समजू शकतो. पण सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला इंजिन ओरडावं आणि गाडी जागच्या जागी राहावी, हे बसण्याचं लक्षण नव्हे. तसं चालवत राहिलात तर क्लच बसणार नाही, जळेल. दर घसरणीला लायनिंग तापतं, त्यातली राळ भाजून वर येते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, मग तो आणखी घसरतो.

इथं तुमच्या वाट्याचंही बोललं पाहिजे. नवा क्लच टाकून तिसऱ्याच दिवशी पाच माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली चढणं त्या प्लेटला झेपणारं नव्हतं. केबल बरोबर असती तरी मी तुम्हाला नकोच म्हटलं असतं. पोराने ते गाडी देताना सांगायला हवं होतं. त्यामुळं प्ले नीट केल्यावरही पहिले काही दिवस थोडी घसर जाणवू शकते. वरचा गुळगुळीतपणा हलका असेल तर तो दोन-तीनशे किलोमीटर संथ चालवण्यात निघून जातो. शाळा ते घर, घर ते बाजार एवढंच चालवा. हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवू नका, त्यासाठी हँडब्रेक आहे. आणि पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर ती आजच सोडा. पाय टेकलेला असेल तर बरोबर केलेला नटही काही कामाचा नाही. तुम्हाला ती सवय आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही, शेजारी बसणाऱ्या माणसाला विचारा.

एवढं करूनही घसर कायम राहिली, किंवा प्ले पहिल्यापासूनच बरोबर निघाला, तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागेल. त्याआधी गाडी पिटवर किंवा जॅकवर घेऊन इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात त्या जागेचा खालचा भाग चिंधीने पुसून बघा. तेलकट ओल आहे? बोटावर घेऊन वास घ्या. काळपट, पातळसर असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचं, इंजिनच्या मुख्य शाफ्टचं, मागचं सील गळतंय. घट्ट आणि उग्र गंधकासारख्या वासाचं असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. दोन्ही तेलं क्लचच्या खोलीत उतरतात आणि प्लेटवर उडतात. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, जाळून पुन्हा वापरायची जुनी रीत आहे. ती करू देऊ नका. लायनिंगच्या आत मुरलेलं तेल पुढच्या घाटात तापलं की परत वर येतं.

या सीलचं मला आजही वाईट वाटतं. माझं गॅरेज नवं होतं तेव्हा एका प्रवासी गाडीचा क्लच मी दोनदा बदलला. दोन्ही वेळी महिनाभरात घसरायला लागला. मी मालकाच्या चालवण्याला दोष दिला, त्याने मुकाट पैसे दिले. तिसऱ्यांदा उतरवल्यावर क्रँकच्या सीलखाली तेलाचा ओघळ दिसला. पहिल्या दिवशीच ते थोडक्या पैशाचं सील टाकलं असतं तर त्या माणसाचे दोन सेट वाचले असते. एकदा गिअरबॉक्स खाली आला की ही सीलं डोळ्यांसमोर असतात. ती नीट बघायची, आणि किंचित शंका आली तरी बदलायची. सीलच्या किमतीपेक्षा तिथपर्यंत पोचायची मजुरी कितीतरी जास्त असते.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच तर तुम्ही तिथं उभे राहा. निघालेल्या प्लेटवर सगळं लिहिलेलं असतं, फक्त वाचता आलं पाहिजे. चकचकीत काळी असेल तर तापलेली आहे. ओलसर, कडेला चिकट असेल तर तेल किंवा ग्रीस. ग्रीस बाहेरूनच येतं असं नाही. प्लेटच्या दातेरी भोकात ते मुगाच्या दाण्याएवढंच लावायचं असतं. भरपूर लावलं की गाडी फिरल्यावर ते बाहेर फेकलं जाऊन लायनिंगवर बसतं. नव्या प्रेशर प्लेटला गंजू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो क्लीनरने पुसून कोरडा करायचा असतो. घाईच्या कामात ते राहून जातं. ग्रीसच्या बोटांनी लायनिंग धरणं हेही तसंच. प्लेटच्या एकाच बाजूला किंवा एकाच कोपऱ्यात घासल्याच्या खुणा असतील तर प्रेशर प्लेट वाकडी बसली होती. तिचे बोल्ट एकेक करून पूर्ण आवळत गोल फिरलं की कव्हर पिळवटतं. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं, आणि शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने.

लायनिंगच्या भुशीवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ती ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला रुमाल बांधा. जुन्या लायनिंगमधे ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात कायमचं घर करतं. पोराला हे तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल.

आणि फ्लायव्हील. तुमच्या पत्रात सेट बदलल्याचं आहे, फ्लायव्हीलबद्दल एक शब्द नाही. नवी प्लेट जुन्या फ्लायव्हीलवर तशीच चढवली असणार. त्याच्यावर हात फिरवला तर बोटाला खाच लागते का बघा. निळे-काळे डाग, केसासारख्या बारीक भेगा दिसतात का बघा. डाग म्हणजे तिथं ते पूर्वी जबर तापलेलं आहे. अशा पृष्ठभागावर नवी प्लेट पूर्ण टेकत नाही, आणि जिथं टेकते तिथंच तापते. कराडला लेथवाल्याकडे फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट, करून मिळेल. पण लेथवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा. काही फ्लायव्हीलना पायरी असते, प्लेट घासते ती जागा एका पातळीवर आणि प्रेशर प्लेट बोल्टने बसते ती जागा दुसऱ्या. घासलेली जागाच तेवढी कापली तर पायरी खोल होते, प्रेशर प्लेट आतपर्यंत पोचत नाही, आणि नव्याकोऱ्या सेटची पकड पहिल्या दिवसापासून ढिली. दोन्ही जागा सारख्याच कापायला हव्यात. भेगा खोल असतील तर कापत बसू नका, फ्लायव्हील बदला. फुटलेलं फ्लायव्हील माणसाच्या जिवावर बेततं. ज्या डिझेल गाड्यांना ड्युअल मास, म्हणजे मधे स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं, फ्लायव्हील असतं त्यांच्या मालकांनी ते लेथवर नेऊच नये.

सेट बरोबर आला होता का, हेही त्याच वेळी पडताळा. वॅगन-आर म्हटलं की दुकानदार हाताला येईल तो सेट देतो. पण भारतात ती 1999 च्या अखेरीस आली तेव्हा 1.1 लिटरचं इंजिन होतं, 2010 मधे 1.0 लिटरचं तीन सिलिंडरचं आलं, 2019 नंतर 1.2 लिटरचंही मिळू लागलं. तुमची 2014 ची, म्हणजे तीन सिलिंडरची. सेट मागताना साल आणि चेसिस नंबर सांगायचा. जुना खोका पोराने फेकला नसेल तर त्याच्यावरचा पार्ट नंबर जुळवून बघा.

ज्यांच्या गाडीला केबल नसून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा, क्लच आहे आणि दुखणं तुमच्यासारखंच आहे, त्यांच्यासाठी थोडं. तिथं नट नसतो, पण पेडलमागचा पुशरॉड हा दांडा तेच काम करतो. तो किंचित लांब राहिला तर मास्टर सिलिंडरचा, म्हणजे तेलावर दाब देणाऱ्या पेडलजवळच्या नळकांड्याचा, पिस्टन पूर्ण मागं येत नाही, तेल टाकीत परत जायचं भोक बंद राहतं, आणि इंजिनच्या उष्णतेने फुगलेलं तेल स्वतःच क्लचला सोडवायला लागतं. सकाळी गाडी छान, दुपारी तापल्यावर घसर, असं असेल तर हेच. घसरत असतानाच थांबून खालचा ब्लीडिंगचा निपल, म्हणजे तेलातली हवा काढायची तोटी, क्षणभर सैल करा. तेलाची चिळकांडी उडाली आणि घसर थांबली तर क्लचचा दोष नाही, वरच्या दाबाचा आहे. डोळे सांभाळा.

आता त्या पोराचं. तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ तीच आहे, पोराला बोलायला जीव होत नाही ही. गुरुजी, न बोलणं त्याच्यावर उपकार नाही. तुम्ही दुसऱ्या गॅरेजात गेलात तर चूक काय झाली हे त्याला कधी कळणार नाही आणि पुढच्या दहा गिऱ्हाइकांच्या केबली तो तशाच आवळेल. संध्याकाळी गॅरेज बंद व्हायच्या वेळी जा, दुसरं गिऱ्हाईक नसताना. पैशाचा विषय काढू नका. "प्ले मोजून बघू या का रे?" एवढंच म्हणा आणि फूटपट्टी त्याच्या हातात द्या. चूक नटात निघाली तर प्रश्न मिटला, त्याने एक पैसा मागायचा नाही.

गिअरबॉक्स उतरवावा लागला तर पैशाचं आधी ठरवा, नंतर नको. माझा हिशेब असा राहील. सील गळत असेल तर सीलची आणि नव्या प्लेटची किंमत तुमची, मजुरी निम्मी-निम्मी, कारण गळती त्याने केली नाही पण बघायला हवी होती. ग्रीस, वाकडे आवळलेले बोल्ट, चुकीचा सेट असं काही निघालं तर मजुरी आणि प्लेट दोन्ही त्याची. फ्लायव्हीलचं फेसिंग राहिलं असेल तर फेसिंगचे पैसे तुम्ही द्या, ते तुम्हाला पहिल्या वेळीही द्यावेच लागले असते, मजुरी त्याची. आणि प्लेट घाटात भाजलेली निघाली आणि केबल ताणलेली होती, तर दोघांनी मिळून ती भाजली आहे. तिथं निम्मं निम्मं करा. त्याला एकदम देणं जमणार नसेल तर पुढच्या सर्व्हिसिंगमधे वळतं करून घ्या.

ज्यांचा मेकॅनिक ओळखीचा नाही आणि ऐकतही नाही, त्यांना ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. 1915 या हेल्पलाइनवर आधी बोलता येतं. पण त्याला बिल लागतं, म्हणून बिल घेत जा. गुरुजी, तुमच्याबाबतीत तिथवर जायची गरज नाही.

केबल बघून होईपर्यंत घाटात गाडी घालू नका. पावसाळ्यात, धुक्यात, मागं ट्रक लागलेला असताना चढावर गाडी ओढेनाशी झाली तर मागं घरंगळण्याची भीती असते आणि कुंभार्लीची वळणं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहेत. चिपळूणला जायचंच झालं तर या खेपेला एसटीने जा. प्ले किती मिलिमीटर निघाला ते मला लिहा, पेडलपाशी मोजलेला आणि नट सैल करण्याआधीचा. त्या आकड्यावरून पुढचं सांगेन.